टायपिंग क्लास ते टॉमकॅट

वरोऱ्याला रेल्वे आणली ती कोळशाने. 1870 च्या दशकात सरकारने इथे खाण चालू केली आणि वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले. 1906 मध्ये खाण बंद पडली, रूळ मात्र राहिले. पुढे ते बल्लारशापर्यंत गेले, 1929 मध्ये काझीपेटला जोडले गेले आणि चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव दिल्ली-मद्रास मार्गावर आलं. शिकायला बाहेर पडणाऱ्या पोरांपुढे तेव्हापासून दोन दिशा आहेत, वर नागपूर आणि खाली हैदराबाद. विसावं शतक सरताना या दोन्ही शहरांत एक नवीन धंदा शिकवला जाऊ लागला. बँका, रेल्वे, महसूल खातं, विमा कंपन्या अशा मोठ्या कारभारांचं काम ब्राउझरमधून चालवणारे प्रोग्राम लिहिण्याचा हा धंदा. त्याला एंटरप्राइज वेब डेव्हलपमेंट असं भारदस्त नाव आहे. वरोऱ्यासारख्या गावातला नवशिका या धंद्यापर्यंत कुठल्या वाटेने पोचला, हा विदर्भाच्या शिक्षणाच्या इतिहासातला फारसा न लिहिला गेलेला भाग आहे.

हातातलं काम शिकून उभं राहणं या गावाला परकं नाही. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये गावाबाहेरच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू केलं, तेव्हा तिथल्या कुष्ठरुग्णांनी विहिरी खणण्यापासून विणकामापर्यंत सगळं करता करताच शिकून घेतलं. महारोगी सेवा समितीनेच 1964 मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय काढलं आणि वरोऱ्याच्या मुलांना पदवीसाठी गाव सोडण्याची गरज उरली नाही. अपंगांना व्यवसाय शिकवणारं संधी निकेतनही आनंदवनातच उभं राहिलं.

संगणकाआधी मात्र टायपिंग आलं. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या रस्त्यावर, माडीवर, एक टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. भिंतीला लागून मशिनींची रांग, एक तासाची बॅच आणि समोर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची तीस नि चाळीस शब्दांची परीक्षा. गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला, त्यानंतर ही यंत्रं लहान गावांतही दिसू लागली. कोर्टात, तहसीलमध्ये, जिनिंगच्या ऑफिसात नोकरी लागायची तर हे प्रमाणपत्र हवंच. या वर्गांचं ऋण प्रोग्रामिंग शिकवणारे क्वचितच मान्य करतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पूर्ण पिढीची कीबोर्डशी पहिली गाठ तिथेच पडली, आणि पुढे त्यातल्या कित्येक खोल्यांत टाइपरायटर हटून संगणक बसले.

संगणक राज्यात आला तो फार दूर, मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं टिफ्रॅक हे यंत्र 1960 मध्ये रीतसर कामाला लागलं. 1968 मध्ये टीसीएस निघाली. चंद्रपूरच्या जंगलपट्ट्याच्या कानावर यातलं काही आलं नाही. जिल्ह्याच्या कचेरीत संगणक पोचवण्याचं श्रेय एनआयसीकडे जातं. 1976 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात निकनेट नावाचं उपग्रहावर चालणारं जाळं जिल्हाधिकारी कार्यालयांपर्यंत नेलं. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकता कुठे आकाराला येत होता; चंद्रपुरातून तो 1982 मध्ये वेगळा झाला होता.

सरकारी खोलीतला संगणक बघायला मिळत नसे, त्यावर हात ठेवणं तर दूरच. तो हात ठेवायला मिळाला खासगी क्लासमध्ये, आणि विदर्भापुरतं बोलायचं तर नागपूर हे त्या क्लासांचं माहेरघर. व्हीजेटीआय आणि आयआयटी कानपूर इथे शिकलेले यशवंत कानेटकर नागपुरात प्रोग्रामिंग शिकवत होते. त्यांचं ‘लेट अस सी’ हे पुस्तक दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनाने काढलं आणि ते देशभर गेलं. पुस्तक इंग्रजीत असलं तरी त्याची वाक्यं लहान आहेत, समजावण्याची रीत घरच्या शिकवणीची आहे आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्नांचा ढीग आहे. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला न घाबरवणारं प्रोग्रामिंगचं पुस्तक एका नागपूरकराने लिहिलं, हा योगायोग वाटत नाही. समोर कुठून आलेली मुलं बसतात, हे त्यांना रोज दिसत होतं.

नागपूर विद्यापीठाने याच काळात वाणिज्य शाखेला संगणक जोडला. बीसीसीए आणि एमसीएम हे अभ्यासक्रम विदर्भाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागतात, पण नागपूर, वर्धा, चंद्रपूर पट्ट्यात घरोघरी कुणीतरी बीसीसीए असतं. जमाखर्च आणि प्रोग्रामिंग एकाच विद्यार्थ्याला शिकवायची ही कल्पना फार चांगली होती. ती पुरती वापरली गेली नाही, हे दुःख. लेखाशास्त्राच्या तासाला खतावणी, संगणकाच्या तासाला टर्बो सीचा निळा पडदा. खतावणीचाच प्रोग्राम लिहून बघू, असं सुचवणारा तास वेळापत्रकात नव्हता.

अभियांत्रिकीची वाटही जवळ आली. चंद्रपूरला राजीव गांधी महाविद्यालय 1983 मध्ये आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 मध्ये निघालं. तालुका पातळीवर मात्र खरी उलथापालथ केली ती एमएस-सीआयटीने. राज्य सरकारच्या पुढाकाराने 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलने हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून चालवला. सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं आणि शिक्षक, ग्रामसेवक, पटवारी सगळे माउस धरायला शिकले. प्रोग्रामिंग त्यात नव्हतं. वर्ड, एक्सेल, इंटरनेट एवढाच ऐवज. तरी या केंद्रांमुळे तालुक्यात यंत्रं आली, इन्व्हर्टर आले आणि ती दुरुस्त करणारी पोरं तयार झाली. इन्व्हर्टरची गरज इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त बोचायची. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र त्या काळी राज्यातलं सर्वांत मोठं, 2,340 मेगावॅट क्षमतेचं होतं, आणि त्याच्या पंचक्रोशीतल्या तालुक्यांत लोडशेडिंगमुळे संगणकाची बॅच अर्ध्यावर सुटायची.

इथवर शिकलेला नवशिका आणि मोठ्या कारभाराचा वेब-प्रोग्राम यांच्यात अजून मोठी दरी होती. ती समजण्यासाठी शेतजमिनीच्या खरेदीचं उदाहरण घ्यावं. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातो. तालुक्यात वर्दी पोचली की पटवारी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आलीच तर प्रकरण तंट्याच्या नोंदवहीत चढतं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग कुठे सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. महसूल खात्याच्या ई-फेरफार प्रणालीने हाच क्रम संगणकावर आणला आणि 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला.

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नजरेने हा क्रम पाहिला तर धंद्यातले सगळे अवघड धडे यात एकत्र सापडतात. पटवाऱ्याने नोंद घ्यावी पण प्रमाणित करू नये, म्हणजे कुणाला काय करता येईल हे प्रोग्रामला ठाऊक हवं. जुन्या मालकाचं नाव कमी झालं आणि नवीन चढण्याआधी वीज गेली तर जमीन बेवारस राहील, म्हणून दोन्ही बदल एकत्र तरी व्हावेत नाहीतर एकही होऊ नये. डेटाबेसच्या भाषेत याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. एकाच गटावर दोन नोंदी एका वेळी आल्या तर पहिली कुठली, तेही ठरलेलं हवं. पंधरा दिवसांचं घड्याळ माणसाच्या आठवणीवर सोडता येत नाही. आणि वीस वर्षांनी कोर्टात कुणी विचारलं की ही नोंद कुणी, कधी, कशावरून घेतली, तर उत्तर निघालं पाहिजे. नमुना सहाच्या वहीत या सगळ्याची सोय आधीपासून होती. वरोरा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने आजोबांबरोबर पटवाऱ्याच्या दारात बसून हा कारभार पाहिलेला असतो. क्लासमध्ये मात्र त्याला वर्तुळाचं क्षेत्रफळ काढणारा प्रोग्राम लिहायला लावत. त्याच्याकडे असलेलं ज्ञान आणि त्याला हवं असलेलं ज्ञान यांची भेट कुणी घालूनच दिली नाही, आणि या इतिहासातली सर्वांत मोठी चूक हीच.

वेबची साधनंही तेव्हा नवशिक्यावर मेहरबान नव्हती. 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने मुंबईसह मोजक्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी सन कंपनीने जावा भाषा बाजारात आणली. काही वर्षांतच सर्व्हरवर चालणारे सर्व्हलेट, मग जेएसपी, आणि 1999 मध्ये मोठ्या कारभारांसाठीचा जे-टू-ईई हा पूर्ण संच आला. नागपूर-पुण्याच्या क्लासांच्या पाट्या त्याबरोबर बदलत गेल्या. मुंबईच्या आयव्हन बायरॉस यांची व्यावसायिक प्रोग्रामिंगची जाडजूड पुस्तकं बॅगेत दिसू लागली. अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते या मराठी लेखकांनी वेब टेक्नॉलॉजीवर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं, तेही अनेक कॉलेजांत लागलं. डायल-अपवर मोठी फाइल उतरवणं अशक्य. म्हणून पीसी क्वेस्टसारख्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीला मोल होतं. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल ही फुकट सॉफ्टवेअरं कित्येकांच्या घरी अशीच, टपालाने आली.

टॉमकॅट हा सर्व्हर 1999 मध्ये सनने अपाची संस्थेला देऊन टाकला आणि शिकणाऱ्यांचं नशीब उघडलं. तो फुकट होता आणि साध्या संगणकावर चालत असे. झिप फाइल उघडायची, जावाचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये भरायचा, काळ्या खिडकीत ओळी पळताना पाहायच्या आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट 8080 टाकायचं. पानावर मांजर दिसलं की सर्व्हर उठला. ते मांजर पहिल्यांदा दिसण्याचा आनंद त्या पिढीतला प्रत्येक जावावाला आजही सांगतो. त्यानंतर मात्र वेब डॉट एक्सएमएल ही फाइल समोर यायची. त्यात सर्व्हलेटचं नाव, त्याचा वर्ग आणि कोणत्या पत्त्यावर तो हाक ऐकेल हे जोडायचं, आणि एक कंस चुकला तरी 404. खरा एंटरप्राइज जावा याहून कठीण. एका साध्या ईजेबी घटकासाठी दोन इंटरफेस, एक वर्ग आणि वर एक्सएमएलचं वर्णन अशी चार ठिकाणची कसरत असे. शिकवणाऱ्यांनाही ती सगळी कळत होती असं मानणं कठीण आहे. वर्गात ती बहुधा पाठ करून घेतली जायची.

मराठी मुलांना याखेरीज एक वेगळा अडथळा होता, जो अमेरिकेत लिहिलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. फॉर्ममध्ये ‘वरोरा’ लिहून बटण दाबलं की डेटाबेसात प्रश्नचिन्हांची रांग उमटायची, किंवा पडद्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं यायची. देवनागरी 1991 पासूनच युनिकोडमध्ये होती. पण जेएसपी पान, काही वेगळं सांगितलं नसेल तर, पश्चिम युरोपची अक्षरमाला धरून चालायचं आणि मायएसक्यूएल 2018 सालच्या आठव्या आवृत्तीपर्यंत मुळात लॅटिन गृहीत धरायचा. म्हणून यूटीएफ-8 हे चार ठिकाणी सांगावं लागे: पानाला, आलेल्या विनंतीला, डेटाबेसच्या जोडणीला आणि टेबलाला. त्यातही विनंतीला सांगायचं ते तिच्यातला पहिला शब्द वाचण्याआधी. एक ओळ खाली सांगितलं तर उपयोग शून्य. हा शोध ज्याने स्वतःच्या दोन रात्री घालवून लावला, त्याला सर्व्हरच्या पोटात अक्षर कसं प्रवास करतं ते कायमचं कळलं. इंग्रजी नावांवरच सराव करणाऱ्याला हा धडा मिळालाच नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डेटाबेसात घातला, तर तो शोधता किंवा अकारविल्हे लावता येत नसे. त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करणं हेच कित्येक सरकारी प्रकल्पांतलं पहिलं जिकिरीचं काम ठरलं.

नागपूरच्या क्लासने भागेनासं झालं की पुणं. तिथे सी-डॅक होतं. 1988 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1991 मध्ये त्यांच्या चमूने परम 8000 हा महासंगणक उभा केला. दोनच वर्षांत संस्थेने प्रशिक्षणाची शाळा सुरू केली आणि तिचा डॅक हा डिप्लोमा विदर्भातल्या अभियंत्यांचं नोकरीचं दार बनला. प्रवेश परीक्षा, मग सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग आणि लॅब: सी प्लस प्लस, डेटाबेस, जावा, वेब, एंटरप्राइज जावा, डॉटनेट, आणि शेवटी चौघा-पाचांनी मिळून करायचा प्रकल्प. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या स्लीपरमधून किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पोचलेल्या मुलांचं खरं शिक्षण त्या शेवटच्या महिन्यांत झालं. एकाने टेबलाचा स्तंभ बदलला की दुसऱ्याचं पान कोसळतं, हे एकट्याने पुस्तक वाचून कळत नाही.

ज्यांना पुण्याचा खर्च झेपत नव्हता किंवा प्रवेश मिळाला नाही, ते दक्षिणेला वळले. बल्लारशाहून गाडी पकडायची आणि हैदराबादचं अमीरपेठ गाठायचं. मैत्रीवनम इमारतीच्या आसपास गल्लीबोळांत शेकडो ट्रेनिंग इन्स्टिट्यूट. एका खोलीत दोनशे विद्यार्थी, माइकवर शिकवणारे सर, आणि खाली झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळणाऱ्या वर्गाच्या नोट्स. पदवीवाले नाक मुरडतात, पण फीच्या हिशेबाने पाहिलं तर गरीब घरच्या मुलाला एंटरप्राइज जावा शिकवण्याचं काम अमीरपेठेने जितकं केलं तितकं फार थोड्या विद्यापीठांनी केलं असेल. चंद्रपूरकरांना तेलुगू कानावर पडण्याची सवय होती, हा आणखी एक फायदा.

ही सगळी कसरत ज्याच्यासाठी होती, ते तंत्रच मध्यंतरी हलकं झालं. रॉड जॉन्सन या सिडनीत संगीतशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या प्रोग्रामरने 2002 मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की ईजेबीच्या ओझ्याशिवायही मोठे प्रोग्राम नीट बांधता येतात. त्या पुस्तकातल्या कोडमधून स्प्रिंग हे फ्रेमवर्क उगवलं आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती 2004 मध्ये आली. 2014 च्या स्प्रिंग बूटने तर टॉमकॅट प्रोग्रामच्या आतच बसवला. चार फाइलींचं काम काही ओळींत आलं. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण आता नवशिका वेब डॉट एक्सएमएल न पाहताच सर्व्हर चालवतो आणि काही बिघडलं की कुठे पाहावं ते त्याला उमगत नाही. जुन्या मंडळींना नव्यांच्या मुलाखती घेताना हीच उणीव दिसते, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओचं मोबाइल इंटरनेट आलं आणि सीडीची वाट पाहण्याचे दिवस संपले. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प त्याआधीच सुरू झाला होता. प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने त्यात दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार झाले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचं ध्वनिमुद्रण होत गेलं. त्यातली जावा बिझनेस ॲप्लिकेशन ही मालिका ग्रंथालयाच्या कारभारावर बेतली आहे: सभासदाचं लॉगिन, पुस्तकांची यादी, पुस्तक देणं, परत घेणं. सर्व्हलेट आणि जेएसपी या एका धाग्यात ओवून शिकवायची ही रीत बीसीसीएच्या वर्गाला वीस वर्षांपूर्वी हवी होती. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालयं नागपूरच्या छत्राखालून बाहेर पडली. नागपुरातही आता पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी आहे, मिहान औद्योगिक क्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, त्यामुळे वरोऱ्याच्या मुलाची पहिली नोकरी एका पॅसेंजरच्या अंतरावर असू शकते.

विद्यार्थ्यांचे प्रकल्प मात्र अजून ग्रंथालय आणि हॉस्पिटल यांच्याच भोवती फिरतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत त्याहून मोठा कारभार ग्रामसभांच्या वह्यांमध्ये चालू आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यात पाचगावलाही पुढे तो मिळाला, आणि ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. फडीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा करण्याच्या जागी, कुणी पानांचे किती पुडे आणले, दर काय ठरला, कुणाला किती दिले, बोनस कसा वाटला, वाहतूक परवाना कुठल्या गाडीला गेला, या सगळ्याची नोंद ठेवावी लागते, आणि ग्रामसभेत कुणीही उठून हिशेब विचारतं. भूमिका, ट्रान्झॅक्शन, मराठी नावं, जुन्या नोंदींचा माग, सगळं इथे आहे. शिवाय तेंदूच्या हंगामात जंगलातल्या फडीवर नेटवर्क नसतं, म्हणजे नोंद आधी मोबाइलवर साठवायची आणि रेंज मिळाल्यावर सर्व्हरला द्यायची. दरम्यान त्याच माणसाचे पुडे दुसऱ्या फडीवर चढले असतील तर दोन्ही नोंदींचा मेळ कोणत्या नियमाने घालायचा, ते आधी ग्रामसभेला विचारावं लागेल आणि मगच कोडमध्ये लिहिता येईल.